मामीच्या वाटणीचं वळण

आमच्या ऑफिसच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचा एक अहवाल होता. मी निवृत्त झाले तेव्हाही तो तिथेच होता, वाळवीनेसुद्धा त्याला तोंड लावलं नव्हतं. त्याच्या शेवटच्या पानावर बऱ्याच जणांचे आभार मानलेत आणि त्यात रस्त्याकडेच्या गावकऱ्यांनी आपणहून केलेल्या मदतीचाही उल्लेख आहे. ती ओळ आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या गावकऱ्यांत माझी मामी होती, आणि तिने काय मदत केली होती ते त्या अहवालात कुठेच लिहिलेलं नाही. मला ते ठाऊक होतं. नकाशे तर मीच काढले होते.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ओरोसच्या माळावर एकेक ऑफिस येऊन बसत होतं, कुठे भाड्याच्या घरात, कुठे अर्ध्या बांधलेल्या इमारतीत. मी आचऱ्याची. ट्रेसरचा कोर्स करून रस्त्यांच्या ऑफिसात लागले होते, तीही तात्पुरती. ट्रेसर म्हणजे इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईने उतरवून घेणारी बाई. डोकं वापरायचं नाही, हात थरथरू द्यायचा नाही, एवढीच आमच्याकडून अपेक्षा. आजूबाजूचे सगळे मला 'टेबलावरची बाई' म्हणायचे. मला त्याचा राग यायचा आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसायचा, म्हणून ते आणखी म्हणायचे.

त्या दिवसांत आमच्याकडे एक संशोधन आलं. तीन ठिकाणच्या माणसांनी मिळून करायचं. घाटावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक, गोव्याकडचे एक इंजिनिअर आणि आमचे साहेब. मुंबई-गोवा महामार्गावर कुठला दगड चांगला टिकतो, कुठला गाड्यांच्या चाकांखाली घासून गुळगुळीत होतो आणि कुठल्या वळणांवर गाड्या घसरतात, हे पाहायचं होतं. कल्पना चांगली होती, हे मी आजही मान्य करते. बांद्याला गोव्याची हद्द लागते, पण तिच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस तोच, तांबडी माती तीच, रस्ताही एकच. मग गोव्याने वेगळं आणि आपण वेगळं डोकं कशाला फोडायचं? घसरणाऱ्या वळणांची एक यादी होणार होती. यादीत जे वळण येईल त्याच्यावर काळ्या दगडाच्या खडबडीत खडीचा नवा थर पडणार, गटार बांधून मिळणार, कडेला कठडा होणार. यादीत नाही आलं तर काहीच नाही. इतकं ते सरळ होतं.

वळणं निवडायला पोलिसांची रजिस्टरं मागवली. त्यात अपघात मैलाच्या दगडांप्रमाणे लिहिलेले होते. मी ते एकेक करून नकाशावर लाल पेन्सिलीने मांडले, आणि मांडता मांडता माझ्या लक्षात आलं की मामीच्या गावच्या वळणावर एकही ठिपका नाही.

मामीचं गाव बांद्याच्या थोडं अलीकडे. महामार्ग तिथे डोंगर कापून वळतो. एका बाजूला कापलेली तांबडी दरड, दुसऱ्या बाजूला व्हाळ, म्हणजे खोल ओढा. मामीचं घर वळणाच्या वरच्या अंगाला, चिऱ्यांच्या गडग्याआड, म्हणजे दगडी कुंपणाआड. मामा मुंबईला नोकरीला, गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. मामी एकटीच असायची, एक गाय आणि परसातली भाजी एवढ्या संसारावर. पावसात दरडीची माती गटार बुजवून रस्त्यावर यायची आणि वळणाच्या आतल्या बाजूला तिचा लपका बसायचा. मोठ्या पावसात ती वाहून तरी जाते. पण बुरबुर पाऊस आला की तिचं लोणी होतं. तिथे सायकलवाले पडत, स्कूटरवाले पडत, एकदा एक जीप व्हाळात गेली होती. मामी त्यांना घरात आणून हळद लावायची, चहा द्यायची आणि पुढच्या एसटीत बसवून द्यायची. पोलिसांत कोण कशाला जातो? मार बसला तो बसला, वर पंचनाम्याची पीडा कोण ओढवून घेणार? त्यामुळे सरकारच्या दृष्टीने त्या वळणावर कधी कोणी पडलंच नव्हतं.

मी हे साहेबांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बाई, मामीच्या सांगण्यावर संशोधन होत नाही." पण त्या दिवशी गोव्याकडचे इंजिनिअर तिथे बसले होते. ते म्हणाले की त्या वळणावर त्यांची स्वतःची स्कूटर दोन वेळा सरकली आहे, बाई म्हणते ते खरं आहे. झालं, बाईचं खरं ठरलं. वळण तपासायच्या यादीत आलं. ओरोसहून क्वार्टर्सवर चालत जाताना त्या संध्याकाळी मी एकटीच हसत होते. आपल्या हातून एक काम झालं असं मला वाटलं, तसं वाटण्याची सवय मला नव्हती.

तपासणी पावसातच व्हायला हवी होती, कारण घसरण पावसातली. प्राध्यापकांना सवड मिळाली श्रावणात. जाण्याच्या आधल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. आकडे लिहून घ्यायला कोणीतरी हवं होतं आणि नेहमीचा मदतनीस रजेवर होता. पण मला नेण्याचं खरं कारण त्यांनी शेवटी सांगितलं. "तुमची मामी तिथेच राहते ना? चार माणसांचं चहाफराळाचं तेवढं बघायला सांगा." म्हणजे संशोधनात माझी भरती झाली ती फराळासाठी. मी मामीला पत्र टाकलं. अमुक वारी तीन ठिकाणचे साहेब आपलं वळण बघायला येणार आहेत, मी बरोबर आहे, चहा आणि काहीतरी कर. एवढंच लिहिलं. आणखी दोन ओळी लिहायला हव्या होत्या, हे मला तेव्हा सुचलं नाही. खरं तर मला सुचायला हवं होतं, कारण मी काही घाटावरची नव्हते.

मामीच्या गावात एक रीत आहे. दसऱ्याला देवळातून देवाची तरंगं निघतात, म्हणजे साड्या नेसवून सजवलेल्या उंच काठ्या. त्या ज्या वाटेने जातात ती वाट गावाने लोटून, सडा घालून ठेवायची. प्रत्येक घराची वाटणी ठरलेली. या आंब्यापासून त्या दगडापर्यंत एका घराची, पुढे दुसऱ्याची. तो त्या घराचा मान. पुढे सरकारने महामार्ग केला तो नेमका त्या जुन्या वाटेवरून केला. गावाने काही आपली रीत सोडली नाही. डांबरावरून ट्रक चाललेत आणि बायका पदर खोचून महामार्ग लोटतायत, हे दृश्य मी लहानपणापासून पाहिलेलं. वळण मामीच्या वाटणीला होतं, वरच्या आंब्यापासून खालच्या मोरीपर्यंत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या दगडी पुलापर्यंत.

आम्ही जीपने निघालो तेव्हा चांगली उघडीप होती. प्राध्यापक पुढे बसले होते, मागे बाकीचे दोघे, मी आणि मधे पेटीत ते यंत्र. तिपाईवर एक लोंबता हात, त्याच्या टोकाला रबराचा तुकडा. रस्त्यावर पाणी ओतायचं आणि हात वरून सोडायचा. रबर रस्त्याला घासून पलीकडे जातं आणि काटा एका आकड्यावर थांबतो. रस्ता जितका पकड देणारा तितका आकडा मोठा. एका ठरावीक आकड्याच्या खाली आलं तर वळण धोक्याचं.

वळणाच्या अलीकडच्या चढावरून मला रस्ता दिसला. वळण काळंभोर चमकत होतं. तांबडा रंग औषधालाही नव्हता. बुजलेलं गटार उकरून मोकळं केलेलं, दरडीवरचं रान कापलेलं, काढलेली माती व्हाळाच्या बाजूला नीट ढीग करून ठेवलेली. आणि मामीच्या गडग्यापाशी पाचसात बायका धुतलेली लुगडी नेसून उभ्या, मामी सगळ्यांच्या पुढे.

मी उतरल्याबरोबर ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "काल सगळ्यांनी मिळान लोटलो. माझ्या वाटणीचो तर मी सोडणान घासलो. बरो झालो मां?"

सोडण म्हणजे नारळाची चोडं, वरची काथ्याची साल. त्याने आपण भांडी घासतो. मामीने महामार्ग घासला होता, विहिरीचं पाणी ओतून ओतून, तवा घासावा तसा. तिच्या नखांत तांबडी माती होती आणि उजव्या तळव्याला फोड आलेले. मी म्हटलं, "बरो झालो गो मामी."

प्राध्यापक तर खूश झाले. इतकं जागरूक गाव आपण पाहिलं नाही, म्हणाले. त्यांनी फोटो काढला, बायका, गटार आणि यंत्र सगळं एकत्र येईल असा. मग यंत्र मांडलं, पाणी ओतलं, हात सोडला. मी वहीत आकडा लिहिला. पुन्हा सोडला. पुन्हा लिहिला. आकडे हद्दीच्या वर होते. फार वर नाही, पण वर. दगड गुळगुळीत झालेला असला तरी स्वच्छ दगड थोडी पकड देतोच. घसरवत होती ती माती, आणि माती पलीकडे ढिगात पडली होती.

त्या भागाचा मैलकुली तिथे हजर होता. मैलकुली म्हणजे ठरावीक मैलांचा रस्ता राखणारा सरकारी मजूर. पन्नाशीचा माणूस, सगळं आयुष्य त्या रस्त्यावर काढलेला. तिघा साहेबांपैकी कोणीही त्याला काही विचारलं नाही. तो माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाय, ह्या खरा न्हय. माती काढल्यार कोण घसरतलो? थंयसून घमेलाभर आणून परत टाकू काय?"

त्याच्या हातात घमेलं होतं.

मी त्याच्याकडे वळूनही न बघता म्हटलं, "गप रवा हो. आता नको."

हे मी म्हटलं. साहेबांनी नाही, प्राध्यापकांनी नाही. आज मी त्यांच्या नावाने कितीही बोटं मोडली तरी ते शब्द माझे आहेत. एक घमेलं माती, एक तांब्याभर पाणी आणि तो हात पुन्हा एकदा सोडायचा, इतकंच करायचं होतं. पण मामी तिथे उभी होती. तिने आणि त्या बायकांनी दिवसभर खपून जे केलं त्यावर तिच्या डोळ्यांदेखत माती टाकायची आणि सांगायचं की तुम्ही घाण केलीत? साहेबांसमोर माझीही शोभा झाली असती, हेही मनात होतं. मामीचं वळण म्हणून आधीच हसून झालं होतं. आणि माझी नोकरी तात्पुरती होती. यातलं कुठलं कारण पहिलं आणि कुठलं शेवटचं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मला वाटायचं मी मामीसाठी गप्प बसले. आता तसं वाटत नाही.

मैलकुलीने घमेलं खाली ठेवलं आणि तो मोरीवर जाऊन बिडी ओढत बसला.

मामीने घावणे केले होते आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. श्रावण असल्यामुळे तिच्या घरात मासळी शिजत नव्हती आणि दर्यावरही होड्या जात नव्हत्या, पण प्राध्यापकांना ते कोण सांगणार? ते म्हणाले, "मालवण भागात येऊन वाटाणे खाल्ले म्हणून सांगितलं तर घरचे विश्वास ठेवणार नाहीत." सगळे हसले. मामीही हसली, काय म्हणाले ते तिला नीट कळलं नसावं. ती प्रत्येकाच्या पानात आणखी एक घावन टाकत होती. मी आत चुलीपाशी जाऊन बसले.

निघताना तिने साहेबांना हात जोडले. "आमचा एवढा काम करा," म्हणाली. साहेबांनी मान हलवली. ते एवढे सज्जनपणे मान हलवायचे की समोरच्याला काम झालंच असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं. साहेबांना सांगितलं की रस्ता आदल्या दिवशी घासून धुतलेला होता, हे आकडे त्या वळणाचे नाहीत. ते म्हणाले, यंत्र कॉलेजचं, आकडे कॉलेजचे, त्यात मी कसा हात घालणार? मी म्हटलं, निदान शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहू द्या. ते म्हणाले, शेरा वाढवला की तिघांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागतील. मग मी कॉलेजला पत्र लिहिलं, साहेबांना न सांगता. महिन्याभराने उत्तर आलं की मोजणीच्या दिवशी जागेची अवस्था कशी असावी ही स्थानिक ऑफिसची जबाबदारी होती. गोव्याकडचे इंजिनिअर पुढच्या बैठकीला आले तेव्हा त्यांना गाठलं. तो बिचारा भला माणूस, त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. पटलं म्हणाला. "पण बाई, ती जागा तुमच्या हद्दीत येते. मी बोललो तर तुमच्या साहेबांना वाईट दिसेल." एका माणसाचं काम असतं तर त्याची मानगूट धरता आली असती. इथे तिघे होते आणि प्रत्येकाच्या मते मानगूट दुसऱ्याची होती. पुन्हा मोजा एवढंच मी मागत होते. यंत्र घाटावर परत गेलं होतं, ते पुन्हा आणायचं तर तीन ठिकाणची परवानगी लागणार होती.

उलट बोलल्याबद्दल मला समज मिळाली ती वेगळीच. तुमच्या कायम होण्याचा कागद वर गेलाय, असं मला एकदा अगदी प्रेमाने सांगण्यात आलं. त्यानंतर मी पत्रं लिहिली नाहीत.

मग अहवालाचे नकाशे माझ्याकडे आले. धोक्याची वळणं भरीव काळा गोळा, ठीकठाक वळणं पोकळ गोळा, अशी खूण ठरली होती. मी सुरुवातीलाच, तपासणीच्याही आधी, उत्साहाच्या भरात मामीच्या वळणावर भरीव गोळा काढून ठेवला होता. तो आता पोकळ करायचा होता. पारदर्शक कागदावरची शाई खोडरबराने जात नाही. ब्लेडच्या टोकाने ती हळूहळू खरवडायची, कागद फाटू द्यायचा नाही, मग रबर फिरवायचं आणि शेवटी नखाने घासून जागा गुळगुळीत करायची. मी ते केलं. उत्तम केलं, कुठे ठिगळ दिसत नव्हतं. साहेब भिंगातून बघून म्हणाले की बाईंचा हात चांगला आहे. मामीने सोडणाने घासलं आणि मी ब्लेडने, फरक इतकाच की आपण काय करतोय ते मला कळत होतं.

यादीतल्या इतर वळणांवर पुढच्या उन्हाळ्यात काम झालं. नवी खडी पडली, गटारं झाली. तिथली घसरण कमी झाली, असं लोक सांगत, आणि ते खरंच असणार. काम खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त जीव जळतो. एकाही वळणाला फायदा झाला नसता तर मी सगळ्यावर थुंकून मोकळी झाले असते. मामीच्या गावातली माणसं वाट बघत होती. पांढरा चुना मारलेले दगड घेऊन एक ट्रक आला तेव्हा त्यांना वाटलं आलंच आपलं काम. तो पुढे निघून गेला.

त्यानंतरच्या आषाढात एका सकाळी मामी बाजाराला जायला निघाली. वालीच्या शेंगांची टोपली घेऊन वळणावर एसटीची वाट बघत उभी होती. बुरबुर पाऊस होता. कौलं भरलेला एक ट्रक वरून आला. वेगात नव्हता, हे सगळ्यांनी सांगितलं. वळणावर त्याचा मागचा भाग नुसता सरकला, गाय शेपूट हलवते तसा, आणि मामीचा डावा पाय मोरीच्या दगडात आणि ट्रकात सापडला. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यावर बसला आणि रडायला लागला. मैलकुली जवळच होता. त्याने दोघांना हाताशी घेऊन मामीला त्याच ट्रकात घातलं आणि गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मला ऑफिसात निरोप आला तेव्हा मी कुठल्यातरी पुलाचा नकाशा उतरवत होते. माझा कायम झाल्याचा कागद त्याच महिन्यात आला. तो मी कोणाला दाखवला नाही, पेढेही वाटले नाहीत. साहेबांनी मात्र आठवणीने विचारलं, "बाई, पेढे कुठेत?" मी त्यांना म्हटलं की मामीचा पाय गेला. कुठे, असं त्यांनी विचारलं. मी वळणाचं नाव सांगितलं. समोरच्या फायलीकडे बघत ते म्हणाले, "वाईट झालं." मग त्यांनी मला रजा दिली, न मागता चार दिवस दिली. वाईट माणूस नव्हता तो. तसल्या माणसांनीच माझं जास्त नुकसान केलंय.

हॉस्पिटलच्या दारात मैलकुली भेटला. मला वाटलं आता हा बोलणार. मी मनात उत्तरं जुळवत होते. तो म्हणाला, "चाय घेतलंस काय बाय?" आणि मला कॅन्टीनमध्ये घेऊन गेला. तो पुढे पाचसहा वर्षांनी निवृत्त झाला. त्या घमेल्याबद्दल तो माझ्याशी कधी एक शब्दही बोलला नाही.

मामा मुंबईहून आला, महिनाभर राहिला, गाय विकून परत गेला. मी दर रविवारी जायला लागले. दसऱ्याच्या आधल्या दिवशी गेले तेव्हा मामी कुबडी घेऊन गडग्याशी उभी होती आणि तिने माडाच्या हिरांची केरसुणी माझ्या हातात दिली.

"उद्या तरंगां येतली. माझ्या वाटणीचो यंदा तू लोट," ती म्हणाली. "शेजारीण करतंय म्हणता, पण मान आपलो आसा, तो दुसऱ्याक कित्याक?"

मी पदर खोचून रस्त्यावर उतरले. पाऊस संपून माती सुकली होती, केरसुणीबरोबर तांबडी धूळ उठत होती. एखादा ट्रक आला की मी कडेला व्हायची आणि मग पुन्हा सुरू करायची. मामी वरून लक्ष ठेवून होती. इथे राहिलं, तिथे राहिलं, मोरीच्या कडेला बघ. मी तिच्या अगदी खाली आले तेव्हा ती म्हणाली, "बाय, एक इचारू? खरा सांगशीत?"

"काय गो?"

"आमच्या वळणाचा काम केल्यानी नाय, ता माझ्यामुळा काय? बाकीच्यांनी आपापलो बरो लोटलो. वळण माझ्या वाटणीचा. माका घासूक जमला नाय काय? कडेक माती रवलली तेंका दिसली काय?"

तिने हे किती दिवस मनात ठेवलं होतं, देव जाणे. हॉस्पिटलात पडल्या पडल्याही ती हाच विचार करत असणार. मी केरसुणीवर जोर देऊन उभी राहिले. खरं सांगायची ही शेवटची संधी होती, आणि खरं काय होतं? की मामी, तू इतकं छान घासलंस म्हणून तुझा पाय गेला. की एक माणूस माती परत टाकायला तयार होता आणि तुझ्या भाचीने त्याला गप्प बसवलं.

"नाय गो मामी," मी म्हटलं. "तुझो सगळ्यात बरो झाललो."

"मगे कित्याक केल्यानी नाय?"

"माका म्हायती नाय."

तिने माझ्याकडे बघितलं. समाधान झालं की नाही ते कळलं नाही, पण चेहरा थोडा सैल झाला. मग कुबडीने मोरीकडे दाखवत म्हणाली, "मगे नीट लोट. परत कोण सायब इलोच, तर रस्तो बरो दिसाक व्हयो."

मी मोरीपर्यंत लोटत गेले.